परतीचं तिकीट नसेल तर बालीच्या विमानात बसू देतात का?

बहुतेक वेळा नाही, आणि अडवणूक बालीत होत नाही, मुंबईतच होते. मी काही वर्षं विमानतळावर चेक-इन काउंटरवर होतो, तिथे हे नेहमीचंच. तुम्ही आईला घेऊन फक्त जाण्याचं तिकीट काढलंय, पुढे सिंगापूर की व्हिएतनाम ते तिकडे गेल्यावर ठरवणार म्हणता. एवढ्या तयारीवर विमानतळ गाठू नका.

इंडोनेशियाने प्रवाशाला आत घेतलं नाही तर त्याला परत आणणं विमान कंपनीच्या गळ्यात पडतं. म्हणून काउंटरवरची मुलं टिमॅटिकमध्ये, म्हणजे देशोदेशीचे व्हिसा-पासपोर्टचे नियम दाखवणाऱ्या प्रणालीत, तुमचा पासपोर्ट कुठला आणि जायचंय कुठे ते टाकून नियम बघतात. बालीच्या व्हिसा ऑन अरायव्हलसाठी, म्हणजे तिथे उतरल्यावर मिळणाऱ्या व्हिसासाठी, परतीचं किंवा पुढचं तिकीट लागतं. ते नसलं की बोर्डिंग पास मिळत नाही, तिथे हुज्जत घालून काही होत नाही. विमान सुटायच्या साधारण तासभर आधी काउंटर बंद होतो. शेजारी ट्रॉलीवर बसून, ओटीपी येत नाही म्हणून रडकुंडीला आलेली, मिळेल त्या भावात तिकीट काढणारी माणसं मी पाहिली आहेत. काहींचं विमान गेलंच.

तिकीट भारताचंच हवं असं नाही, इंडोनेशियाबाहेरचं हवं. बाली-जकार्ता चालत नाही. तारीख 30 दिवसांच्या आतली, उतरायचा दिवस धरून. व्हिसा तिथे आणखी 30 दिवस वाढवून मिळतो, पण काउंटरवर त्या भरवशावर राहू नका. लोक फसतात ते पुढच्या देशात. बाली-सिंगापूर तिकीट स्वस्त दिसतं म्हणून काढतात, पण आपल्या पासपोर्टला सिंगापूरचा व्हिसा लागतो. व्हिएतनामचाही ई-व्हिसा आधी काढावा लागतो. तो हातात नसेल तर त्या तिकिटाला काउंटरवर वजन राहत नाही.

मी तुमच्या जागी असतो तर बाली-मुंबईचं रिफंड मिळणारं तिकीट काढलं असतं, किती पैसे कापतात ते आधी वाचून. पीडीएफमध्ये नाव-तारीख बदलून तिकीट बनवायचा सल्ला कोणी देईल, तो अजिबात ऐकू नका. पीएनआर साइटवर टाकला की क्षणात उघडं पडतं. नुसती दाखवण्यापुरती भाड्याने मिळणारी दोन-चार दिवसांची बुकिंग्जही विमान उतरेपर्यंत टिकतीलच याची खात्री नसते.

आणि आईचा पासपोर्ट आजच उघडून बघा. दहावी झालेली नसेल तर त्यावर ईसीआर (इमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे काही देशांत जाताना जादा तपासणी लागते असा शिक्का) असू शकतं. ईसीआरच्या 18 देशांत इंडोनेशिया आहे, मलेशिया आणि थायलंडही आहेत. अशा पासपोर्टवर फिरायला निघालं तरी आपल्याकडच्या इमिग्रेशनला परतीचं तिकीट दाखवावं लागतं, तिथे पुढच्या देशाचं तिकीट पुरेल असं धरून चालू नका. तसं असेल तर त्यांचं तरी भारतात परतायचं तिकीट आत्ताच काढा आणि छापून त्यांच्याच पर्समध्ये ठेवा, कारण इमिग्रेशनच्या रांगेत दोघं वेगवेगळ्या खिडक्यांवर जाऊ शकता.