पहिल्यांदाच प्रॉव्हँला जाताय?

पॅरिसहून एका दिवसात मध्ययुगीन गाव बघायचं तर सरळ प्रॉव्हँ गाठा. गार द लेस्ट स्टेशनहून 'पी' लाइनची लोकल पकडा, साधारण दीड तास लागतो. सगळ्या झोनचा नॅव्हिगो (पॅरिस परिसराचा प्रवास पास) चालतो. गाड्या विरळ, परतीची वेळ आधीच बघून ठेवा. स्टेशन खालच्या गावात आहे; तिथं रेंगाळू नका, चढ चढून आधी वरचं गाव करा. बाराव्या शतकातला सीझर बुरूज चुकवू नका: जिने अरुंद, वर सँ-किरियास चर्चच्या घंटा, आणि कौलांपलीकडे थेट शेतं. मग तटावरून निवांत फिरा. शॅम्पेन प्रांतातल्या मध्ययुगीन व्यापारी जत्रांमुळे हे गाव श्रीमंत झालं. ग्रांज-ओ-दीम या जुन्या कोठारात तो बाजार समजतो. गावाखालची भुयारं गाइडशिवाय दाखवत नाहीत. गुलाबाचा जॅम? महाग, पण घ्याच.