हिब्रूतला ‘आव’ : गावाला बाप कसा असतो?

प्रश्न असा आहे : बायबलच्या जुन्या करारात, ‘१ इतिहास’ या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात, शोबाल हा किर्याथ-यारीमचा बाप आणि सल्मा हा बेथलेहेमचा बाप असं लिहिलं आहे. ही तर गावांची नावं. मग मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ काय? आलेफ या अक्षराचं चित्र बैलाचं, बेतचं घराचं, म्हणून ‘घराचा बळकट आधार’ हा त्याचा खरा अर्थ, असं सांगतात ते बरोबर आहे का? आणि आपला ‘आबा’ तिथूनच आला का?

आधी अक्षरांचं बघू, कारण ही समजूत फार पसरली आहे आणि तिने वाचणाऱ्याची दिशाच चुकते. शब्द आहे ‘आव’. आलेफ आणि बेत ही दोनच अक्षरं; शेवटी आलेल्या बेतचा उच्चार ‘व’ होतो. वर्णमालेतली पहिली दोन अक्षरं असल्यामुळे तो कोशात अगदी सुरुवातीला भेटतो. स्ट्राँग यांच्या १८९० सालच्या बायबलच्या शब्दसूचीत क्रमांक १ याचाच आहे. बैलाचं डोकं आणि घर ही त्या अक्षरांची मूळ चित्रं होती, हेही खरं. पण शब्दाचा अर्थ त्या चित्रांतून निघालेला नाही. हाच शब्द हिब्रूच्या बहिणी-भाषांतही आहे : प्राचीन मेसोपोटेमियातल्या अक्कादीत ‘अबु’, अरबीत ‘अब’, अरामीत ‘अब्बा’ असा आहे. अक्कादी तर कीलाकार लिपीत लिहीत. तिथे आलेफ नाही की बेत नाही. ही वर्णमाला तयार होण्याच्या कितीतरी आधी हा शब्द लोकांच्या तोंडी होता. शिवाय याच दोन अक्षरांनी हिब्रूत ‘एव’ असाही एक शब्द लिहितात. तो ईयोबाच्या आठव्या अध्यायात आणि गीतरत्नात येतो. त्याचा अर्थ कोवळी हिरवाई. बैल आणि घर तेच, अर्थ मात्र पार वेगळा.

अर्थ शोधायचा तर वापर बघावा लागतो, आणि इथे बायबल हात आखडत नाही. जुन्या करारात हा शब्द बाराशेच्या आसपास वेळा येतो. माझं मत असं की प्रत्येक ठिकाणी एकच विचारावं : ‘कोणाचा’ आव? त्या ‘कोणाचा’च्या जागी काय आहे, त्यावर अर्थ ठरतो.

तिथे माणूस असेल तर बहुधा जन्मदाता. पण आजोबाही चालतात. उत्पत्ती २८:१३ मध्ये देव याकोबाला ‘तुझा बाप अब्राहाम’ म्हणतो. अब्राहाम त्याचा आजा. अनेकवचन ‘आवोत’ झालं की बहुतेक वेळा वाडवडील, पूर्वज. (‘आवोत’चा प्रत्यय एरवी स्त्रीलिंगी अनेकवचनाचा असतो, शब्द मात्र पुल्लिंगीच राहतो. हिब्रू शिकणारा इथे हमखास अडखळतो.) दानीएलाच्या पाचव्या अध्यायात बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याला बेलशस्सरचा बाप म्हटलं आहे, तर बाबेलच्या लेखांप्रमाणे बेलशस्सर नबोनिदसचा मुलगा. तो भाग अरामीत असला तरी शब्द हाच आहे. ‘आधी गादीवर बसलेला थोर राजा’ या अर्थालाही त्यात जागा आहे, असं बरेच अभ्यासक मानतात.

तिथे एखादी कला किंवा राहणी असेल तर आरंभ करणारा. उत्पत्ती ४:२०-२१ मध्ये याबाल हा तंबूत राहून गुरं पाळणाऱ्यांचा ‘आव’ आहे, आणि त्याचा भाऊ युबाल हा तंतुवाद्य व पावा वाजवणाऱ्यांचा. मराठीत आपण ‘जनक’ म्हणतो ते हेच.

आणि तिथे गाव असेल तर ते वसवणारा, किंवा तिथल्या कुळांचा मूळपुरुष. तुमच्या शोबालाचं उत्तर हे. त्याच अध्यायात लगेच पुढे किर्याथ-यारीमची कुळं मोजली आहेत, म्हणजे लिहिणाऱ्याच्या मनात गाव आणि वंश एकच होते.

याहून रोचक जागा आहेत त्या नात्याचा लवलेश नसलेल्या. योसेफ भावांना म्हणतो की देवाने मला फारोचा, म्हणजे मिसरच्या राजाचा, ‘आव’ केलं. अर्थ सल्लागार, कारभारी. नामान सेनापतीचे चाकर त्याला ‘आवी’, माझ्या बापा, अशी हाक मारतात. आपल्याकडे धन्याला ‘मायबाप’ म्हणत तसंच. शास्ते १७ मधली गोष्ट तर मला सगळ्यात आवडते. मीखा एका लेव्याला (उपासनेची सेवा करणाऱ्या लेवी वंशातल्या माणसाला) म्हणतो, माझ्याकडे राहा, माझा ‘आव’ आणि याजक, म्हणजे पुरोहित, हो. वर्षाला दहा शेकेल चांदी, कपडे आणि अन्न देतो. तो लेवी तरुण आहे! पुढच्याच ओळीत तो मीखाला मुलासारखा झाला, असं येतं. एकाच माणसाला बापाचा मान आणि मुलाची माया, आणि लिहिणाऱ्याला त्यात काही विसंगत वाटत नाही. ईयोब २९:१६ मध्ये ‘गरिबांचा मी बाप होतो’ हे ‘आव आनोखी ला-एव्योनीम’ असं आहे. आव आणि एव्योन, म्हणजे गरीब, यांचा नाद जुळवला आहे, आणि तो कुठल्याच भाषांतरात उतरत नाही.

‘अब्बा’विषयीही थोडं. मराठी बायबलात ‘अब्बा, बापा’ असं येतं ते नव्या करारात, मार्क १४:३६, रोम ८:१५ आणि गलती ४:६ इथे. ही लहान मुलाची बोबडी हाक आहे, असं अनेक प्रवचनांत सांगतात. बायबलचे अभ्यासक जेम्स बार यांनी १९८८ मध्ये एका लेखात ते तपासून नाकारलं. अब्बा ही मोठ्या माणसांचीही हाक होती, आणि नवा करार ग्रीकमध्ये लिहिणाऱ्यांनी तिच्यापुढे ‘पातेर’ हा प्रौढ शब्दच ठेवला, पोराच्या तोंडचा ‘पाप्पास’ नाही. आजच्या हिब्रूत मुलं बापाला अब्बा म्हणतात, पण तो आजचा वापर मागे नेऊन चालणार नाही.

आता ‘आबा’. त्याचं मूळ हिब्रूत शोधायला नको. ओठांनी उच्चारायचे ब, प, म हे वर्ण बाळाला लवकर जमतात, म्हणून जगभर आईबापांच्या हाका एकसारख्या ऐकू येतात. तेवढ्यावरून दोन भाषांत नातं ठरवता येत नाही.