फाइल ‘संलग्न’ करायची की ‘जोडायची’?

प्रश्न असा आलाय की ईमेलच्या ड्राफ्टला फाइल लावून देणारं एक छोटं टूल आहे, त्याचं मराठी करताना बटणावर ‘संलग्न करा’ ठेवायचं, ‘अटॅच करा’ की ‘जोडा’, आणि त्या फाइलला ‘सहपत्र’ म्हटलं तर चालेल का.

माझं मत ‘फाइल जोडा’. नवीन काही घडवायची गरजच नाहीये, हे क्रियापद कागदाच्या काळापासून याच कामाला आहे. ‘अर्जासोबत रेशनकार्डाची झेरॉक्स जोडावी’, ‘गुणपत्रिकेची सत्यप्रत सोबत जोडली आहे’, हे तहसीलपासून शाळेच्या ऑफिसपर्यंत रोज लिहिलं जातं आणि सरकारी पत्राच्या तळाशी ‘सोबत : वरीलप्रमाणे’ असतंच. ज्याने आयुष्यात एकदा तरी अर्ज केलाय त्याला हे बटण समजावून सांगावं लागणार नाही.

‘संलग्न’ चूक नाही पण मराठीत त्याचं काम वेगळं आहे. ‘विद्यापीठाशी संलग्न कॉलेज’, ‘महासंघाशी संलग्न संघटना’, म्हणजे दोघं आपापल्या जागी आणि मध्ये कायमचं नातं. ड्राफ्टला लावलेली पीडीएफ तशी नसते, ती सोबत निघून जाते. ‘सहपत्र’ कार्यालयीन पत्रव्यवहारात शोभतं, पण ऑडिओ क्लिपला किंवा एक्सेल शीटला सहपत्र म्हणताना जीभ अडखळते. नाम हवंच असेल तर ‘अटॅचमेंट’ बिनधास्त ठेवा, सगळे तेच म्हणतात.

फक्त नुसतं ‘जोडा’ ठेवू नका. त्याच टूलमध्ये ‘खातं जोडा’ पण असणार, म्हणून ‘फाइल’ हा शब्द बटणावर पाहिजेच. आणि फोटो जर मजकुराच्या मध्येच दिसणार असेल तर तिथे ‘फोटो टाका’ म्हणा, कारण आपण बोलताना हा फरक करतोच, मेलमध्ये फोटो टाकतो आणि मेलला फाइल जोडतो. तांत्रिक बाजूलाही हाच फरक आहे. ईमेलमधून मजकुराबरोबर चित्रं, आवाज पाठवायची माइम ही पद्धत १९९२ साली नॅथॅनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी मांडली, आणि पुढे १९९७ च्या आरएफसी २१८३ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे तांत्रिक नियम मांडणारे दस्तऐवज) प्रत्येक भागावर ‘इनलाइन’ की ‘अटॅचमेंट’ अशी खूण करायचं ठरलं. म्हणजे ‘मध्ये टाकणं’ आणि ‘ला जोडणं’, आपल्या विभक्तीत आणि शब्दयोगी अव्ययात हे आधीच बसलेलं आहे!

आता खरी अडचण, लिंग. इंग्रजीत फाइलचं नाव आणि पुढे ‘अटॅच्ड’ लिहिलं की काम झालं. मराठीत फोटो जोडला, पावती जोडली, बिल जोडलं, आणि टूलला कुठे कळणार आत काय आहे. त्यावर उपाय म्हणजे वाक्याचं कर्म कायम ‘फाइल’ ठेवायचं आणि नाव नंतर द्यायचं : ‘फाइल जोडली : बिल.पीडीएफ’. एकाहून जास्त असतील तर ‘३ फाइल्स जोडल्या’. ‘फायली’ पण बरोबर आहे, पण मला ते कपाटातल्या गठ्ठ्यांना जास्त जवळचं वाटतं.

उलट क्रियेला ‘काढा’. ‘डिलीट करा’ किंवा ‘हटवा’ अजिबात नको, वाचणाऱ्याला वाटतं कॉम्प्युटरवरची मूळ फाइलच गेली. ‘ड्राफ्टमधून काढा’ म्हटलं की तो घोळ मिटतो. ड्राफ्टला ‘मसुदा’ म्हणायचं असेल तर म्हणा, करारामुळे आणि विधेयकांमुळे तो शब्द सगळ्यांच्या ओळखीचा आहे.

आणि फाइल जोडायची विसरली तर जी सूचना येते तिच्याकडे नीट लक्ष द्या. थंडरबर्ड या ईमेल प्रोग्राममध्ये हे असतं, मजकुरात ठरावीक शब्द दिसले आणि फाइल नसली की तो विचारतो, आणि त्या शब्दांची यादी सेटिंगमध्ये आपल्याला वाढवता येते. तुमच्या टूलमध्ये अशी यादी असेल तर नुसतं ‘जोडले’ टाकून भागणार नाही, जोडला, जोडली, जोडलं, जोडल्या, जोडलेली, जोडत आहे, जोडलीय, ‘अटॅच केलंय’, ‘अटॅच केलीय’ ही सगळी रूपं घ्या. एकट्या ‘सोबत’ला मात्र यादीत घेऊ नका, ‘आईसोबत येतोय’ लिहिलं तरी टूल फाइल मागत बसेल.