सीएफडीत जायचंय, मग इतिहासाचं प्रकरण ऑप्शनला टाकू का?

प्रश्न : मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सीएफडीचं, म्हणजे द्रव-वायूंच्या प्रवाहाचं गणित संगणकावर सोडवण्याचं, एक सॉफ्टवेअर शिकले आहे, रंगीत चित्रंही छान निघतात. पण इंटर्नशिपच्या मुलाखतीत 'टाइम-स्टेप एवढाच का घेतला?' (म्हणजे गणितात वेळेचं एकेक पाऊल एवढंच का) असं विचारलं आणि मी गप्प बसले. आता दुसरं सॉफ्टवेअर शिकू का? अभ्यासक्रमात सीएफडीच्या इतिहासाचं प्रकरण आहे, ते सोडलं तर चालेल का?

उत्तर : दुसरं सॉफ्टवेअर सध्या नको. आणि ते प्रकरण सोडू नकोस, कारण तू अडलीस त्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. फक्त ते सनावळ्या पाठ करून वाचू नकोस. कोण कुठे आणि का फसलं ते बघ, आणि तीच चूक स्वतःच्या कोडमध्ये करून पाहा.

सुरुवात कूरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी या गणितज्ञांच्या १९२८च्या शोधनिबंधातल्या, टाइम-स्टेप किती मोठा चालेल हे सांगणाऱ्या अटीपासून कर. लांबी २, बिंदू ८१, म्हणजे दोन बिंदूंतलं अंतर ०.०२५. वेग १ ठेवून एक चौकोनी लाट पुढे सरकव. अवकलनासाठी प्रवाह येतो त्या बाजूचा बिंदू घे, म्हणजेच अपविंड पद्धत. टाइम-स्टेप ०.०१२५ घेतलास तर कूरांट अंक (वेग गुणिले टाइम-स्टेप भागिले बिंदूंतलं अंतर) ०.५ येतो, लाट टिकते, पण तिचे कोपरे झिजतात. ०.०२७५ घे, अंक १.१ होतो आणि थोड्याच पावलांत आकडे हाताबाहेर जातात. माहिती एका पावलात एका घरापेक्षा (दोन बिंदूंतल्या अंतरापेक्षा) पुढे जायला लागली की ही पद्धत तिला गाठू शकत नाही, एवढंच त्यामागचं कारण. कोपरे झिजतात ते मात्र पद्धतीनेच घुसडलेल्या खोट्या श्यानतेमुळे (चिकटपणामुळे). इथे ती ०.००६२५ आहे, कूरांट अंक तोच ठेवून मेश (बिंदूंची जाळी) दुप्पट बारीक केलीस की निम्मी होते. हे कागदावर काढून दाखवता आलं, तर मुलाखतीत गप्प बसावं लागणार नाही.

हवामानशास्त्रज्ञ रिचर्डसनचं उदाहरणही नीट वाच. त्याने २० मे १९१०च्या हवामानाचं गणित हाताने केलं. सहा तासांत हवेचा दाब १४५ हेक्टोपास्कलने बदलेल असं उत्तर आलं. प्रत्यक्षात तो जवळजवळ स्थिर होता. पुष्कळजण याचा दोष टाइम-स्टेपला देतात, पण त्याने पाऊल एकच टाकलं होतं. सुरुवातीचे वारे आणि दाब यांचा आपसात मेळ नव्हता, घोटाळा तिथे झाला. आजही सॉफ्टवेअरमध्ये इनिशिअल किंवा बाउंडरी कंडिशन (सुरुवातीची किंवा कडांवरची अट) चुकली की असंच घडतं, आणि आपण उगाच मेशला बोल लावतो.

पुढचा टप्पा चौकोनी पोकळीचा : वरचं झाकण सरकतं, बाकी तिन्ही भिंती स्थिर. दाब आणि वेग एकाच बिंदूवर ठेवलेस तर दाबात बुद्धिबळाच्या पटासारखा नमुना उमटतो. दाबाचा उतार काढताना मधला बिंदू गाळला जातो, त्यामुळे १, ३, १, ३ असा दाबही समीकरणाला सपाटच वाटतो. हार्लो आणि वेल्च यांनी १९६५ मध्ये वेग घराच्या कडांवर आणि दाब मध्यावर ठेवून ही अडचण सोडवली. त्यावर पतनकर-स्पाल्डिंग यांची १९७२ची, दाब आणि वेग फेऱ्याफेऱ्यांनी जुळवणारी 'सिंपल' पद्धत लिही. अंडर-रिलॅक्सेशन (प्रत्येक फेरीत नव्या बदलाचा किती भाग घ्यायचा ते) दाबाला ०.३, वेगाला ०.७ असं ठेव. दोन्ही १ केलेस तर बहुधा डायव्हर्ज होईल, म्हणजे उत्तर हाताबाहेर जाईल. रेनॉल्ड्स अंक (जडत्व आणि श्यानता यांच्या प्रभावाचं गुणोत्तर) १०० ला उभ्या मध्यरेषेवरचा सर्वांत उलटा वेग झाकणाच्या वेगाच्या साधारण ०.२११ पट, तळापासून ०.४५ उंचीवर यायला हवा. ताडून बघायचे हे घिया, घिया आणि शिन यांचे १९८२चे आकडे १२९ × १२९च्या मेशवरचे आहेत. तू ३३ पासून सुरुवात कर, मग ६५ आणि शेवटी १२९.

टर्ब्युलन्स, म्हणजे खळबळता प्रवाह, सगळ्यात शेवटी. खळबळीचा अंदाज बांधणारं मॉडेल लागतं कशाला, हे १९८७च्या एका गणनेवरून कळतं : दोन सपाट भिंतींमधला, अगदी माफक रेनॉल्ड्स अंकाचा प्रवाह मॉडेलशिवाय सोडवायला सुमारे ४० लाख बिंदू लागले होते. मॉडेल घेतलंस की भिंतीजवळचा वाय-प्लस (भिंतीपासून पहिल्या बिंदूचं एकक नसलेलं अंतर) आधी तपास. वॉल फंक्शनसह (भिंतीजवळचा थर न सोडवता सूत्राने धरून) के-एप्सिलॉन मॉडेलला तो साधारण ३० ते ३०० हवा. भिंतीपर्यंत सोडवणाऱ्या एसएसटी मॉडेलला १च्या आसपास. नवशिक्यांची मेश बहुतेक वेळा नेमकी या दोहोंच्या मधे अडकते, आणि रेसिड्यूअल (समीकरणांत उरलेली तफावत) खाली आलेत म्हणून कुणाला शंकाही येत नाही.

या सगळ्याला पायथन पुरेल. रोज दोन तास दिलेस तर आठ-दहा आठवडे धर. पुढच्या मुलाखतीला जाताना रंगीत चित्रं मागे ठेव आणि पोकळीच्या तिन्ही मेशवरची चूक दाखवणारा आलेख वर ठेव.