मार्कअप: बाजारातला आणि वेबपानावरचा

पिंपळगावच्या द्राक्ष व्यापारातले एक वाचक विचारतात: ‘आम्ही मार्कअप म्हणतो ते खरेदीवर चढवलेल्या रकमेला. मुलगी नाशिकला कॉलेजात मार्कअप लँग्वेज शिकते. हा शब्द तोच का? आणि मराठीत खूणभाषा म्हटलं तर चालेल?’

शब्द तोच. इंग्रजीत ‘मार्क’ म्हणजे खूण. मालावर चढा भाव लिहिणं हा एक मार्कअप. दुसरा छापखान्यातला, आणि मुलीचा विषय त्या वंशातला.

खिळे जुळवण्याच्या काळात संपादक मजकुरावर कंपोझिटरसाठी खुणा करायचे. इंग्रजी प्रुफात शब्दाखाली सरळ रेघ म्हणजे तिरपा टाइप, नागमोडी रेघ म्हणजे ठळक. छापून आलेल्या पानात त्या रेघा नसायच्या, त्यांचा परिणाम दिसायचा. वेबपानं लिहायची मार्कअप भाषा म्हणजे एचटीएमएल. तिचे टॅग, म्हणजे मजकुरात घातलेल्या खुणा, असेच, फक्त त्या वाचतो ब्राउझर.

खरी कलाटणी 1969ची. आयबीएम या संगणक कंपनीत जीएमएल, म्हणजे जनरलाइज्ड मार्कअप लँग्वेज, तयार झाली. (ही अक्षरं गोल्डफार्ब, मोशर, लोरी या तिच्या कर्त्यांच्या आडनावांचीही आद्याक्षरं, हौस बघा!) तिच्यात ‘हे ठळक छाप’ असं न सांगता ‘हे शीर्षक आहे’ एवढंच सांगायचं, छापायचं कसं ते नंतर ठरवायचं. तिच्यातून 1986 साली एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक आलं आणि त्या घराण्यातून सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी एचटीएमएल घडवली.

पुढे गाडी घसरली. 1997च्या एचटीएमएल 3.2 मध्ये ‘फाँट’ टॅग अधिकृत झाला आणि मजकुरातच रंगरंगोटी सुरू झाली. त्याच वर्षअखेर आलेल्या चौथ्या आवृत्तीने हे काम सीएसएसकडे, म्हणजे पान दिसावं कसं ते वेगळं लिहून ठेवायच्या भाषेकडे, सोपवायला सांगितलं, ते उत्तम झालं. मराठीपुरतं बघा: ‘ईएम’ टॅगचा अर्थ ‘इथे जोर आहे’. ब्राउझर सवयीने तो शब्द तिरपा करतो आणि तिरपी देवनागरी डोळ्यांना खुपते. टॅगला हात न लावता सीएसएसच्या एका ओळीत सगळे जोराचे शब्द सरळ नि ठळक करता येतात. 2000च्या एक्सएचटीएमएल या कडक नियमांच्या आवृत्तीचा सोवळेपणा मात्र फारसा कुणाला झेपला नाही, आणि 2014ची एचटीएमएल5 पुन्हा सैल झाली.

आता ‘खूणभाषा’. ऐकल्यावर हातवारेच डोळ्यांपुढे येतात, म्हणून मला ती नको. उत्तरपत्रिकेत ‘चिन्हांकन भाषा’ लिहायला हरकत नाही. बोलताना मार्कअपच बरा.