पानकिडा रंगवताना

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पानकिड्याचं, त्या हुबेहूब पानासारख्या दिसणाऱ्या किड्याचं, चित्र मिळालं. रेखाटन चोख आहे. पाय, मिशा, पंखांवरच्या शिरा, सगळं जागच्या जागी. पण कोऱ्या कागदाच्या मधोमध बसलेला तो किडा मला क्षणात दिसला, आणि माझी तक्रार नेमकी हीच आहे. ज्या जिवाचं अख्खं शरीर न दिसण्यासाठी घडलंय, तो पहिल्या नजरेत सापडला तर त्याच्याबद्दलची मुख्य गोष्टच चित्रातून सुटते.

म्हणून तुला मारियान नॉर्थची चित्रं बघायला सांगते. जन्म १८३०, इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जचा. वडील खासदार होते. ते १८६९ मध्ये गेले आणि १८७१ पासून ही बाई जगभर फिरत राहिली: जमैका, ब्राझील, सारावाक, जावा, सिलोन. १८७७ ते १८७९ ती भारतात होती. १८८३ मध्ये सेशेल्सला गेली. तिच्याकडे पैसा होता, मोठ्या लोकांच्या ओळखी होत्या, साम्राज्याची दारं तिला उघडी होती. हे विसरून तिचं कौतुक करू नकोस. पण या सोयी असलेल्या इतर कितीतरी जणी घरीच बसल्या, हेही खरं.

तैलरंग तिला तिशी उलटल्यावर भेटले. ऑस्ट्रेलियातून आलेल्या रॉबर्ट डाउलिंग या चित्रकाराने ते तिला १८६७ मध्ये शिकवले. तैलरंगांचा नाद दारूसारखा, एकदा लागला की सुटत नाही, असं तिने आठवणींत लिहून ठेवलंय. त्या काळी वनस्पतींची शास्त्रीय चित्रं बहुधा जलरंगात निघत. पांढरा कागद, त्यावर एक फांदी, शेजारी फूल उकलून दाखवलेलं, खाली फळाचा छेद. ओळख पटवण्यासाठी ती पद्धत उत्तम आहे, आजही आहे. तूही तीच शिकलीस, त्यात काही वावगं नाही. नॉर्थने मात्र झाड जिथे उभं असतं तिथेच रंगवलं, मागच्या डोंगरासकट, वेलींसकट, अंगावरच्या किड्यांसकट. तिचं पानकिड्यांचं आणि काडीकिड्यांचं एक चित्र लंडनमधल्या क्यूच्या वनस्पती उद्यानात, तिच्याच नावाच्या दालनात आहे. ते शोधून बघ. मोठ्या आकारात, सावकाश.

आता कामाचं बोलू. जलरंगात उजेड म्हणजे न रंगवलेला कागद. तो आधीच राखून ठेवावा लागतो, म्हणून आकाराला बाहेरून कुंपण पडतं. तैलरंगात गडद हिरव्यावर फिका हिरवा नंतरही चढवता येतो, आणि दोन्ही ओले असताना कडा एकमेकींत विरघळवता येतात. लपणाऱ्या किड्याला हेच हवं. त्याची एक कडा पानात हरवू दे, दुसरी जरा सापडू दे. सगळ्या हरवल्या तर बघणाऱ्याच्या हाती फक्त पाला लागेल. सगळ्या सापडल्या तर तुझं आताचं चित्र होईल.

सापडू द्यायची कडा कुठली, हे किडाच सांगतो. मादीच्या पाठीवर पानाची मधली शीर दिसते ना, ती नीट बघ. तिथे दोन पुढचे पंख कडेला कड लावून मिटलेले असतात. म्हणजे ज्याला आपण शीर समजतो तो खरं तर सांधा आहे. खऱ्या पानाची शीर बहुधा खालच्या बाजूने उंचवट्यासारखी उठते, सांध्याला सावलीची बारीक रेघ असते. एवढा एक फरक नेमका पकडलास तर चित्र सांभाळलं जाईल. पायांवरची चपटी पाती कुरतडलेल्या पानाच्या तुकड्यांसारखी असतात. तिथे अंगाचा हिरवा वापरू नकोस. काठाचा तपकिरी शेजारच्या पानावरच्या डागातून उचल. आणि सममिती मोड. किडा दोन्ही बाजूंनी सारखा असतो, पान सहसा नसतं, आणि डोळा सारखेपणा चटकन हेरतो. म्हणून त्याला तिरका, थोडा पानाआड घे.

पिल्लं रंगवायची झाली तर ध्यानात ठेव, अंड्यातून निघालेलं पिल्लू तांबूस-तपकिरी असतं. पानं खायला लागल्यावर ते हिरवं होतं. नर सडपातळ, उडणारा. मादीच्या रुंद पाठीपुढे त्याला विसरू नकोस.

त्या दालनाबद्दल थोडं सांगते, कारण मला ते फार आवडतं. जागा तिने स्वतः मागितली, इमारतीचा खर्च स्वतः केला, आणि चित्रं कुठे कशी लागतील हेही स्वतः ठरवलं. १८८२ मध्ये ते खुलं झालं. आत ८३२ चित्रं चौकटीला चौकट भिडवून, देशवार लावलेली आहेत. आराखडा जेम्स फर्ग्युसन यांचा, आपल्याकडच्या लेण्यांवर ज्यांनी मोठा अभ्यास केला ते. पुण्याच्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते गव्हर्नर वेगळे. चित्रांची एवढी दाटी अनेकांना खटकते. मला ती योग्य वाटते. जंगलात कुठलीही गोष्ट एकटी, मोकळ्या जागेत उभी नसते, आणि तिने भिंतसुद्धा तशीच भरली.

आता हेच चित्र पुन्हा कर, या वेळी पेरूच्या फांदीवर. किडा दिवसा फारसा हलत नाही, रात्री खातो, त्यामुळे सकाळचा सगळा वेळ तुझा आहे. पण तोडलेली फांदी पाण्यात ठेवली तरी दुपारपर्यंत पानं मलूल होतात आणि त्यांचा हिरवा बदलतो. म्हणून आधी पानं रंगव, किडा नंतर. दोन्ही चित्रं एकत्र पाठव, मला ती शेजारी ठेवून बघायची आहेत.

तुझी,
ताई