गालिचा उलटा करून पाहा
वाचकांचे प्रश्न : इराणमधील खेड्यापाड्यांतले गालिचे

प्रश्न : शिराझहून आणलेला काश्काई गालिचा एका टोकाला १२२ सेंटिमीटर रुंद भरतो, दुसऱ्या टोकाला १२७. फसवणूक झाली का? (नाशिक)

नाही. पाच सेंटिमीटरचा फरक या विणीत सहज पडतो आणि तो का पडतो हे मागाकडे पाहिलं की कळतं. फार्स प्रांतातले काश्काई परंपरेने भटके पशुपालक. उन्हाळ्यात झाग्रोस पर्वताच्या उंच कुरणांवर, हिवाळ्यात खालच्या उबदार भागात. त्यांचा माग जमिनीवर आडवा असतो : दोन लाकडी दांडे, त्यांना घट्ट धरणाऱ्या चार खुंट्या आणि मधे ताणलेले लोकरीचे उभे धागे. सुरुवातीला काही बोटं साधी पट्टी विणतात. मग गाठींची ओळ. दोन उभ्या धाग्यांवर रंगीत लोकरीची एक गाठ घालायची, खाली ओढायची, सुरीने कापायची आणि पुढच्या दोन धाग्यांवर जायचं. ओळ संपली की आडवे धागे घालून जड फणीने ठोकायचे आणि वर आलेली लव कात्रीने सारखी करायची.

आडवा धागा कधीही सरळ ओढून घालत नाहीत, त्याला कमानीसारखी ढील ठेवतात. ठोकल्यावर ती ढील उभ्या धाग्यांभोवती वळसे घेण्यात मुरते. ढील कमी पडली की काठ आत खेचले जातात आणि रुंदी घटते. त्यातच मुक्काम हलला की खुंट्या उपटायच्या, अर्धा गालिचा दांड्याला गुंडाळायचा आणि नव्या जागी पुन्हा ताणायचा. लोकर ताणली की लांबते, त्यामुळे ताण पहिल्यासारखा जमतोच असं नाही. काशानसारख्या शहरी कारखान्यांत उभा माग आणि सुती ताणा (म्हणजे उभे धागे) असतो, म्हणून तिथले काठ सरळ येतात. युनेस्कोने २०१० साली फार्स आणि काशान या दोन्ही ठिकाणच्या विणकामाला स्वतंत्रपणे वारसा म्हणून नोंदवलं, ते योग्यच झालं. या दोन वेगळ्या विद्या आहेत, एकीच्या मापाने दुसरी मोजू नये.

खरी तपासणी अशी : गालिचा गुळगुळीत फरशीवर पसरा. सपाट बसला तर निर्धास्त राहा. मधे फुगा आला किंवा काठ लाटेसारखे उठले, तर मात्र ताणा असमान होता. सैल राहिलेल्या धाग्यांवरची वीण मागावरून उतरल्यावर कमी आकसते आणि तिथे जास्तीचं कापड उरतं. हलकी लाट जाणकार कारागीर पाठ ओलसर करून, फळीवर ताणून सुकवून काढतो. मोठा फुगा निघत नाही, तसा गालिचा घेऊ नये.

प्रश्न : हमदानच्या गालिच्याला विक्रेत्याने चौरस इंचात १२८ गाठी सांगितल्या. पाठीवर मोजल्या तर आडवे १६ आणि उभे ८ दाणे भरले. म्हणजे बरोबर ना? (ठाणे)

दाणे बरोबर मोजलेत, पण गाठी निम्म्या आहेत. हमदानच्या खेड्यांत तुर्की गाठ घालतात. ती दोन्ही धाग्यांना वेढते, म्हणून पाठीवर एका गाठीचे दोन दाणे शेजारी-शेजारी दिसतात. नक्षीतली सर्वांत बारीक उभी रेघ शोधा. तिची रुंदी दोन दाण्यांपेक्षा कमी कुठेच नसेल, तर आडव्या आकड्याचा निम्मा धरायचा. तुमच्या गालिच्यात आठ गुणिले आठ, म्हणजे ६४ गाठी झाल्या. (गाठींच्या दोन ओळींच्या मधे आडवा धागा एकच असेल तर पाठीवर उभ्या सुताचे पांढरे ठिपके एकाआड एक दिसतील. ती हमदानची ओळख.)

बिजारच्या कुर्दी गालिच्यात उलट असतं. तिथे दोनपैकी एक उभा धागा दुसऱ्याच्या मागे दडपलेला असतो, म्हणून दिसणारा एक दाणा म्हणजे एक गाठ. तो गालिचा इतका घट्ट ठोकलेला असतो की घडी घातली तर आतले धागे तुटतात. तो गुंडाळूनच ठेवायचा.

६४ ही संख्या कमीपणाची नाही. चौरस मीटरला साधारण एक लाख गाठी होतात. दोन मीटर बाय १.३ मीटरचा गालिचा धरला तर २ लाख ६० हजार गाठी. दिवसाला सात-आठ हजार गाठी घातल्या तरी एका बाईचं महिन्याहून अधिक काम.

आकड्यापेक्षा जुफ्ती गाठीकडे लक्ष द्या. दोनऐवजी चार धाग्यांवर एकच गाठ घालून काम निम्म्यात उरकायचं, ही लबाडी खोरासानच्या मालात पूर्वीपासून बोलली जाते. लव विरळ राहते आणि वर्दळीत लवकर झिजते. पाठीवर रंग बदलताना कुठेही चार धाग्यांपेक्षा बारीक पायरी दिसली नाही आणि बोटांनी लव फाकवल्यावर बुडाशी धागे उघडे पडले, तर तो घेऊ नका.

प्रश्न : लाल पार्श्वभूमीत मधेच फिकट पट्टा आहे आणि काळ्या रंगाची लव बाकीच्यापेक्षा बसकी झाली आहे. रंग खराब का? (सांगली)

पट्ट्याला इराणमध्ये अब्रश म्हणतात. लोकर थोडी-थोडी रंगवतात. एक घाणा संपला की दुसऱ्याची छटा हुबेहूब जुळत नाही. लाल रंग रुनास नावाच्या मुळाचा, आपल्या मंजिष्ठेच्या कुळातला. लोकर आधी तुरटीच्या पाण्यात मुरवतात आणि मग रुनासच्या कोमट ते गरम पाण्यात ठेवतात. पाणी खळखळ उकळलं की लाल तपकिरीकडे झुकतो. पट्टा आडवा, गाठींच्या ओळीबरोबर जाणारा असेल तर तो रंगाच्या घाण्याचाच. वेडावाकडा डाग असेल तर पाणी लागलेलं आहे.

काळ्याची गोष्ट वेगळी आहे. काळा-तपकिरी रंग गडद करायला लोखंडाचा क्षार वापरतात आणि तो लोकर हळूहळू ठिसूळ करतो. म्हणून जुन्या गालिच्यांत काळी रेघ खोल गेलेली दिसते. ते वयाचं लक्षण आहे, घाईने भरून घेऊ नका.

रंग उतरतो का हे पाहायला पांढरं सुती फडकं ओलं करून, पिळून, प्रत्येक रंगावर मिनिटभर दाबून ठेवा. फडक्यावर रंग आला तर घरी धुऊ नका.

प्रश्न : झालर विस्कटली आहे. कापून टाकली तर चालेल का? (दुबई)

नको. झालर वरून शिवलेली नसते, ती उभ्या धाग्यांची टोकं असतात. ती कापून शेवटची साधी पट्टी सुटली की गाठींच्या ओळी एकेक करून निसटतात. सुती दोऱ्याने पट्टीच्या काठावर, प्रत्येक टाक्यात तीन-चार उभे धागे घेत, पाठीमागून वळसे टाके घाला. शेवटच्या गाठींची ओळच सुटली असेल तर मात्र रफूगाराकडे द्या आणि तोवर त्या टोकावर व्हॅक्यूम क्लीनर फिरवू नका.